रोम पायी, एका दिवसात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपच्या सहलीत रोमच्या वाट्याला एकच मोकळा दिवस येतो, अशी पुष्कळांची अडचण असते. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं चालणाऱ्यांसाठी आहेत. बसच्या वरच्या मजल्यावरून शहर बघायचं असेल तर यातलं निम्मं तुमच्या कामाचं नाही.

एका दिवसात पायी रोम खरंच होतं का?

अख्खं रोम नाही होत. रोमचा जुना गाभा होतो, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याच्या मनातलं रोम बहुतेक तेवढंच असतं. स्पॅनिश पायऱ्यांपासून कोलोसियमपर्यंत मधली ठिकाणं घेत गेलात तर अंतर जेमतेम पाच-सहा किलोमीटर आहे. गल्ल्यांमधलं भरकटणं आणि फोरममधली, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाच्या अवशेषांमधली, चढउतार धरून दिवसाअखेर दहा-बारा भरतात. रोज सकाळी फिरायला जाणाऱ्याला हे जड नाही.

माणूस दमतो तो रांगांनी, उन्हानं आणि पायाखालच्या दगडांनी. म्हणून आग्रह एकाच गोष्टीचा आहे: तिकीट काढून आत शिरायची ठिकाणं दोनच ठेवा, पॅन्थिऑन (मोठ्या घुमटाची प्राचीन इमारत) आणि कोलोसियम-फोरम. या शहराचं निम्मं वैभव चौकांत आणि रस्त्यांवरच मांडलेलं आहे. ते सोडून चार संग्रहालयांच्या रांगेत दिवस घालवला, तर संध्याकाळी तिकिटांचे तुकडे तेवढे हातात उरतात.

मार्ग कसा आखायचा?

एप्रिल ते सप्टेंबर असेल तर उत्तरेकडून दक्षिणेकडे. सकाळी सातच्या सुमाराला मेट्रोच्या ए लाइनवर ‘स्पान्या’ स्टेशनला उतरा. बाहेर पडलात की दोन मिनिटांत स्पॅनिश पायऱ्या. १७२० च्या दशकातलं हे बांधकाम दिवसा माणसांनी झाकलेलं असतं, सकाळी मात्र पायऱ्यांची वळणं नीट दिसतात. आधी वर जा, चर्चसमोरच्या कठड्यावरून शहराचे घुमट बघा आणि मग खाली या. पायऱ्यांना लागून उजव्या हाताला (खालून बघताना) जे घर आहे, तिथे इंग्रज कवी जॉन कीट्स १८२१ मध्ये वयाच्या पंचविसाव्या वर्षी वारला.

तिथून ट्रेवीचं कारंजं दहा-बारा मिनिटांवर. ते आठाच्या आत गाठा. मग पॅन्थिऑनकडे. ते नऊला उघडतं, म्हणजे मधल्या वेळात कॉफी होते. पॅन्थिऑनच्या मागच्या चौकात हत्तीच्या पाठीवर उभा केलेला इजिप्तचा छोटा ओबेलिस्क (निमुळता दगडी खांब) आहे, १६६७ चा. कल्पना शिल्पकार बर्निनीची. हत्ती काहीसा ठेंगणा आणि मिश्कील आहे. आपल्याकडच्या मंदिरांवरचे हत्ती पाहिलेल्या माणसाला त्याची सोंड बघून हसू येतं.

पॅन्थिऑननंतर पियात्सा नवोना हा चौक, पाचच मिनिटं. पुढे मोठा रस्ता ओलांडला की कांपो दे फियोरी. इथे रविवार सोडून सकाळी भाजीबाजार भरतो आणि दुपारी दोनच्या सुमाराला उठतो. बाजाराच्या मधोमध डोक्यावर टोपी ओढलेला एक काळाकभिन्न पुतळा उभा आहे, तो जोर्दानो ब्रुनोचा. विश्व अनंत आहे, ताऱ्यांभोवतीही जगं असतील, असं म्हणणाऱ्या या माणसाला १७ फेब्रुवारी १६०० रोजी याच चौकात जिवंत जाळलं. पुतळा १८८९ मधला. टोमॅटोच्या राशींमधून तो बघणं हा अनुभव मला कुठल्याही संग्रहालयापेक्षा जास्त रोमन वाटतो.

मग लार्गो आर्जेंतिना. रस्त्याच्या पातळीच्या खाली चार प्राचीन मंदिरांचे अवशेष दिसतात. ज्युलियस सीझरचा खून फोरममध्ये झाला असं पुष्कळांना वाटतं, पण इसवी सनपूर्व ४४ मध्ये तो इथे, पॉम्पे या रोमन सेनानीनं बांधलेल्या सभागृहात झाला. त्या वेळी सिनेटच्या बैठका तिथे भरत होत्या. २०२३ पासून तिकीट काढून खाली उतरता येतं, पण वरच्या कठड्यावरूनही चांगलं दिसतं. खाली मांजरं आरामात पहुडलेली असतात, त्यांच्यासाठी एका कोपऱ्यात आश्रयस्थानच आहे.

जेवण जवळच्या यहुदी वस्तीत, म्हणजे घेटोमध्ये. पोपच्या हुकमानं १५५५ मध्ये रोमच्या यहुद्यांना या भागात कोंडलं गेलं. १६ ऑक्टोबर १९४३ ला नाझींनी इथे धाड घातली आणि हजारावर माणसं आउश्वित्झच्या मृत्युछावणीत पाठवली. घरांच्या दारांसमोर फरसबंदीत छोटे पितळी चौकोन बसवलेले दिसतील. एकेका चौकोनावर त्या घरातल्या एकेका माणसाचं नाव, जन्मसाल आणि नेल्याची तारीख आहे. जेवायला घाईनं निघालेल्या माणसाच्या पायाखालून ते सहज जातात, म्हणून आवर्जून सांगितलं.

दुपारी कांपिदोल्यो टेकडी. वरच्या चौकाची आखणी मायकलअँजेलोची. चौकाच्या मागे, महापौरांच्या इमारतीच्या बाजूनं जाऊन कठड्याशी उभे राहा, सगळा रोमन फोरम पायाशी पसरलेला दिसतो, तोही फुकट. आधी इथून बघून घेतलंत की खाली आत चालताना दगडांच्या पसाऱ्यात हरवायला होत नाही. त्यानंतर फोरी इंपेरियाली या रुंद रस्त्यानं सरळ कोलोसियम. हा रस्ता मुसोलिनीनं १९३२ मध्ये प्राचीन चौकांवरूनच काढला. रविवारी तो गाड्यांना बंद असतो, तेव्हा चालायला मजा येते.

कोलोसियमची वेळ तीन-साडेतीनची घ्या आणि फोरम त्यानंतर, ऊन उतरल्यावर.

आणि हिवाळ्यात?

हाच मार्ग उलटा करा. ऐन हिवाळ्यात कोलोसियम साडेचारला बंद होतं आणि शेवटचा प्रवेश त्याच्या तासभर आधी असतो. डिसेंबरात सूर्यही पावणेपाचच्या सुमारालाच मावळतो. तेव्हा सकाळी कोलोसियम-फोरम आणि अंधार पडल्यावर नवोना, पॅन्थिऑनचा चौक आणि ट्रेवी. कारंजी दिव्यांच्या प्रकाशात जास्त चांगली दिसतात, दगडांच्या अवशेषांना मात्र दिवसाचा उजेडच लागतो.

सगळ्यात चांगला महिना कोणता?

ऑक्टोबर. त्याच्या खालोखाल एप्रिल आणि मे. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३५ अंशांच्या पुढे जातो. नागपूर-अकोल्याची सवय असलेल्यांनाही इथलं ऊन जाणवतं, कारण ते अंगावर घेऊन दिवसभर चालायचं असतं आणि फोरममध्ये सावली जवळजवळ नाही. शिवाय इटलीतल्या १५ ऑगस्टच्या सणाच्या आसपास बरेच दुकानदार सुटीवर जातात. शाळेच्या सुट्यांमुळे मे महिन्यातच जावं लागत असेल तर काही बिघडत नाही, फक्त तिकिटं लवकर काढा.

कोलोसियमचं तिकीट कधी आणि कुठून काढायचं?

कोलोसियमच्या अधिकृत संकेतस्थळावरून, साधारण महिनाभर आधी. ठरावीक वेळांची तिकिटं ३० दिवस आधी खुली होतात आणि गर्दीच्या दिवसांत भराभर संपतात. साधं तिकीट १८ युरोंचं आहे. त्यात कोलोसियम, फोरम आणि पॅलेटाइन टेकडी तिन्ही येतं आणि ते २४ तास चालतं. कोलोसियममध्ये मात्र तिकिटावरच्या वेळेलाच सोडतात. १८ वर्षांखालच्या मुलांना पैसे पडत नाहीत, पण त्यांचंही शून्य रुपयांचं, म्हणजे शून्य युरोचं तिकीट काढावंच लागतं.

तिकिटावर नाव छापलेलं असतं आणि दारावर ओळखपत्र बघतात. पासपोर्टवर जसं आहे तसंच नाव टाका. ‘सौ.’, टोपणनाव किंवा लग्नानंतर बदललेलं आडनाव टाकून गोंधळ घालू नका.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश मोफत असतो. त्या दिवशी जाऊ नका, असाच माझा सल्ला आहे. वाचलेल्या पैशांच्या मानानं रांग फार महाग पडते.

मोठ्या बॅगा, ट्रॉली आणि काचेच्या बाटल्या आत चालत नाहीत आणि सामान ठेवायची सोयही तिथे नाही. सामान हॉटेलात किंवा तेर्मिनी स्टेशनवर ठेवून या.

तिकीट मिळालंच नाही तर?

रडू नका. कोलोसियमची निम्मी गंमत बाहेरूनच कळते. इसवी सन ८० मध्ये खुल्या झालेल्या या इमारतीला तळाशी ८० कमानी होत्या आणि प्रेक्षकाला कुठल्या कमानीतून जायचं ते क्रमांकावरून कळायचं. उत्तरेकडच्या शाबूत भागात कमानींवर ते रोमन आकडे आजही कोरलेले दिसतात. मान वर करून XXIII च्या पुढे मोजत जा, मुलांना हा खेळ आवडतो. दगडांमध्ये जागोजागी दिसणारी भोकं तोफगोळ्यांची नाहीत. दगड एकमेकांना धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या मध्ययुगात लोकांनी धातूसाठी उपटून नेल्या, त्यांच्या त्या खुणा.

एकाच ठिकाणी आत जायची ताकद उरली असेल तर मी फोरम निवडेन.

पॅन्थिऑनला तिकीट आहे का? ते चर्च आहे ना?

दोन्ही बरोबर. सातव्या शतकापासून ते चर्च आहे आणि जुलै २०२३ पासून पर्यटकांना तिकीटही आहे, सुरुवात ५ युरोंनी झाली. प्रार्थनेच्या वेळी पर्यटकांना आत सोडत नाहीत, त्यामुळे शनिवार-रविवार आणि सणाच्या दिवशी वेळा बघून जा.

हे तिकीट काढाच. दर्शनी पट्टीवर इथली आधीची इमारत बांधणाऱ्या अग्रिप्पाचं नाव कोरलेलं आहे, पण आजची इमारत सम्राट हेड्रियनच्या काळात, १२५ च्या सुमाराला पूर्ण झाली. त्यानं जुनं नाव तसंच राहू दिलं. घुमटाचा व्यास ४३.३ मीटर आणि जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंचीही तेवढीच, म्हणजे आत एक अख्खा गोल मावेल. सळया न घातलेल्या काँक्रीटचा याहून मोठा घुमट जगात अजून कुणी बांधलेला नाही. वर जाताना काँक्रीटमध्ये हलका दगड मिसळत गेले आणि माथ्यावर तर भोकच ठेवलं, ही त्यातली युक्ती. भोक सुमारे नऊ मीटर रुंद आहे आणि त्याला काच नाही. पाऊस आला की थेट आत पडतो. जमीन मध्यभागी किंचित फुगीर केली आहे आणि पाणी जायला फरशीत बारीक छिद्रं आहेत. सगळे वर बघत असतात, तुम्ही एकदा खाली वाकून ती छिद्रं शोधा.

ट्रेवीच्या कारंज्यात नाणं टाकायचं का?

टाका की. उजव्या हातानं डाव्या खांद्यावरून, कारंज्याकडे पाठ करून. नाणं टाकणारा रोमला परत येतो म्हणतात. ही नाणी नियमित गोळा करून धर्मादाय कामाला दिली जातात आणि वर्षाला दहा लाख युरोंच्या वर रक्कम जमते. त्यातली नाणी काढणं आणि पाण्यात पाय सोडणं, दोन्हींना दंड आहे.

पाण्याच्या कठड्यापर्यंत आता गर्दी मोजून सोडतात. एका वेळी चारशेच्या आसपास माणसं खाली असू शकतात. रांग लांब असेल तर वरच्या चौकातून बघा, दृश्य काही कमी होत नाही. कारंजं १७६२ मध्ये पूर्ण झालं, पण त्याला पाणी आणणारा मूळ कालवा अग्रिप्पानं इसवी सनपूर्व १९ मध्ये बांधलेला. म्हणजे पॅन्थिऑनच्या दारावर ज्याचं नाव आहे तोच हा.

पियात्सा नवोनामध्ये गंगा आहे म्हणतात, ते खरं का?

खरं आहे, आणि मराठी माणसानं तिथे पाच मिनिटं जास्त काढावीत. चौकाच्या मध्यभागचं बर्निनीचं कारंजं १६५१ चं. त्यात चार खंडांच्या चार नद्या आहेत: युरोपची डॅन्यूब, आफ्रिकेची नाइल, अमेरिकेची रिओ दे ला प्लाता आणि आशियाची गंगा. मात्र साडी, मकर, कमंडलू यातलं काही शोधू नका. इथली गंगा म्हणजे पीळदार अंगाचा दाढीवाला बाप्या आहे! रोमन परंपरेत नद्यांचे देव पुरुषच असतात. ओळखायची खूण म्हणजे हातातलं लांब वल्हं. गंगेतून दूरवर नावा चालतात एवढी माहिती तोपर्यंत युरोपात पोचली होती. नाइलनं डोक्यावरून कापड ओढलेलं आहे, कारण तिचा उगम तेव्हा युरोपला माहीत नव्हता.

समोरचं चर्च प्रतिस्पर्धी वास्तुकाराचं, म्हणून बर्निनीनं नाइलच्या मूर्तीचं तोंड झाकलं, अशी गोष्ट वाटाडे रंगवून सांगतात. ऐकायला छान आहे, पण त्या चर्चचं काम कारंजं झाल्यावर सुरू झालं.

चौक असा लांबुळका का? कारण इथे पहिल्या शतकात सम्राट डोमिशियनचं धावण्याच्या शर्यतींचं मैदान होतं. आजची घरं प्रेक्षकांच्या बैठकींच्या पायावर उभी आहेत.

चर्चमध्ये जायला कपड्यांचे नियम आहेत का?

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बायकांचे तसेच पुरुषांचेही. पिशवीत एक ओढणी ठेवलीत की काम भागतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे वेळ. बरीच चर्चेस दुपारी साडेबारा-एकला बंद होतात आणि तीन-चारनंतर उघडतात. नवोनाजवळच्या सान लुइजी देई फ्रांचेझी चर्चमध्ये काराव्हाज्जोची संत मॅथ्यूच्या आयुष्यावरची तीन चित्रं आहेत, प्रवेश मोफत. तिथे पोचायला दुपारचा एक वाजवू नका. डावीकडच्या शेवटच्या देवळीत काळोख असतो. शेजारच्या डब्यात नाणं टाकलं की दिवा लागतो आणि मॅथ्यूच्या टेबलावरून तिरपा उजेड सरकल्यासारखा दिसतो. थोड्या वेळानं दिवा आपोआप जातो. मग जमलेले सगळे एकमेकांच्या खिशांकडे बघत उभे राहतात. तेव्हा सुटी नाणी बाळगा.

त्याच दिवशी व्हॅटिकन बसवता येईल का?

येईल, पण मग बाकीचं रोम विसरा. व्हॅटिकन १९२९ पासून स्वतंत्र देश आहे. सीमेवर पासपोर्ट कुणी बघत नाही, पण संग्रहालयांसाठी तीन-चार तास आणि सेंट पीटर्सच्या सुरक्षा तपासणीची रांग वेगळी. दुसरा दिवस असेल तर तो पूर्ण तिकडे द्या. नसेल तर नवोनापासून पंधरा मिनिटं चालून सांत आंजेलो पुलावर जा. देवदूतांच्या मूर्तींनी सजलेला पूल, समोर हेड्रियनची समाधी असलेला गोल किल्ला आणि डावीकडे लांबवर सेंट पीटर्सचा घुमट. एका दिवसाच्या पाहुण्याला एवढं व्हॅटिकन पुरे.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहावं लागेल का?

अजिबात नाही. युरोपातल्या राजधान्यांमध्ये रोम शाकाहाऱ्यांना फार सोपं आहे. ‘सोनो वेजेतारियानो’ (बाई असेल तर ‘वेजेतारियाना’) एवढं म्हटलं की वाढपी स्वतःच सांगू लागतो.

तरी काही खाचाखोचा आहेत. कार्बोनारा आणि अमात्रिचाना या दोन्ही रोमन पास्त्यांमध्ये डुकराचं मांस असतंच. काचो ए पेपे म्हणजे चीज आणि मिऱ्यांचा पास्ता, तो चालतो. पण त्यातल्या पेकोरिनो चीजमध्ये प्राण्यांच्या जठरातलं विरजण वापरतात, तेव्हा कडक शाकाहारी असाल तर तोही नको. सुप्ली नावाचे भाताचे तळलेले गोळे बटाटेवड्याच्या भावंडासारखे दिसतात, पण पारंपरिक सुप्लीत मांसाचा रस्सा असतो. भोपळ्याच्या फुलांची भजी बघून जीव हरखतो, मात्र आत बहुतेक वेळा अँचोव्ही मासा भरलेला असतो. विचारल्याशिवाय तोंडात टाकू नका.

बिनधास्त खावं असं: पिझ्झा अल ताल्यो. मोठ्या आयताकृती तव्यातला पिझ्झा तुम्ही दाखवाल तेवढा कात्रीनं कापून, वजनावर विकतात. बटाट्याचा पिझ्झा ऐकायला विचित्र, खायला उत्तम. घेटोमध्ये हिवाळ्याच्या शेवटापासून वसंतापर्यंत आर्टिचोक अख्खं तळून देतात. कडेच्या पाकळ्या कुरकुरीत, मध्यभाग लोण्यासारखा.

कांदा-लसूण नको असेल तर ‘सेन्सा चिपोल्ला, सेन्सा आल्यो’. जेवणाच्या वेळा पाळा. दुपारी अडीच-तीननंतर बऱ्याच खाणावळींचं स्वयंपाकघर बंद होतं आणि रात्रीचं जेवण साडेसातच्या आधी मिळणं कठीण. स्मारकाला खेटून असलेल्या, फोटोंचा मेन्यू लावून दारात माणूस बोलवायला उभा केलेल्या हॉटेलात जाऊ नका. दोन गल्ल्या आत गेलात की चवही सुधारते आणि बिलही.

पाण्याच्या बाटल्या विकत घ्याव्या लागतात का?

एकही घेऊ नका. रस्त्याकडेला कमरेएवढे लोखंडी खांब आणि त्यांना वाकडी तोटी दिसेल, त्यांना नाझोनी म्हणतात. १८७४ पासून बसवत आलेले हे नळ शहरभर अडीच हजारांच्या आसपास आहेत. पाणी अखंड वाहतं, थंडगार असतं आणि पिण्याजोगं असतं. तोटीच्या तोंडाशी बोट दाबलं की वरच्या बाजूला असलेल्या बारीक भोकातून पाण्याची धार कमानीसारखी उडते आणि न वाकता पिता येतं. पहिल्या वेळी शर्ट भिजतोच.

शौचालयाचं काय?

सार्वजनिक शौचालयं कमी आहेत. व्यवहार असा: कुठल्याही ‘बार’मध्ये शिरायचं (इथे बार म्हणजे कॉफीचं दुकान), काउंटरला उभ्यानं एस्प्रेसो प्यायची आणि ‘बान्यो?’ विचारायचं. उभ्यानं कॉफी स्वस्त पडते, टेबलावर बसलात की तीच महाग होते. पॅन्थिऑनच्या चौकात तर फारच. आणि तिकीट काढून जिथे आत जाल, तिथली सोय गरज असो-नसो वापरून घ्या.

बूट कसले घालू?

पायांत रुळलेले. नवे बूट या शहरात पहिल्यांदा घालू नका. जुन्या भागातले रस्ते काळ्या दगडी ठोकळ्यांचे आहेत, मधे फटी, कुठे वर-खाली, आणि पाऊस पडला की निसरडे. टाचांच्या चपला आणि पातळ तळव्याचे सपाट जोडे दोन्ही बाद.

आई-वडील सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांना जमेल?

जमेल, पण त्यांना अख्खा मार्ग चालवू नका. ट्रेवी, पॅन्थिऑन आणि नवोना हा सपाट टप्पा सकाळी करा, तो जेमतेम दीड किलोमीटर आहे. मग जेवण आणि हॉटेलवर तासभर आडवं होणं. कोलोसियमला टॅक्सीनं जा. पांढऱ्या, मीटरच्या अधिकृत टॅक्सी थांब्यावर मिळतात. कोलोसियममध्ये लिफ्ट आहे. फोरमची ओबडधोबड वाट मात्र गुडघ्यांची परीक्षा बघते, त्यांच्यासाठी कांपिदोल्योवरचा कठडाच बरा. मोठ्या चौकात बाकावर बसून आल्यागेल्यांची मजा बघणं हाही रोम बघण्याचा चांगला प्रकार आहे. तेवढ्या वेळात तुम्ही जवळचं एखादं चर्च बघून येऊ शकता.

मुलं कंटाळतील का?

चर्चेसना कंटाळतील. नाझोनी, हत्ती, मांजरं, कोलोसियमचे आकडे आणि दर तीन तासांनी जेलातो (इटालियन आइस्क्रीम), एवढ्यावर दिवस निघतो. घेटोजवळच्या पियात्सा मात्तेईमध्ये कासवांचं कारंजं आहे. वरच्या थाळीच्या काठावर चढू बघणारी चार ब्राँझची कासवं त्यांना शोधू द्या.

पाकीटमार फार आहेत असं ऐकलंय.

आहेत, पण ते अंगावर येत नाहीत, हात चालवतात. तेर्मिनी स्टेशन, मेट्रोची ए लाइन, ६४ नंबरची बस आणि ट्रेवीचा कठडा या त्यांच्या आवडत्या जागा. पासपोर्ट आतल्या पाऊचमध्ये, फोन मागच्या खिशात कधीच नाही. मनगटात दोरा बांधायला येणारा, गुलाब ‘भेट’ देणारा, कसल्याशा अर्जावर सही मागणारा आणि रोमन शिपायाच्या वेषात फोटोला बोलावणारा या सगळ्यांना ‘नो, ग्रात्सिए’ म्हणून पाय न थांबवता पुढे जायचं. हसून थांबलात की अडकलात. काही घडलंच तर आणीबाणीचा क्रमांक ११२.

कशाकशाला दंड होतो?

स्पॅनिश पायऱ्यांवर बसायला बंदी आहे, २०१९ पासून. दमून टेकलात तरी पोलीस शिट्टी मारून उठवतात, आणि दंड झालाच तर तो शेकडो युरोंत असतो. कारंज्यात उतरणं आणि स्मारकाच्या पायऱ्यांवर डबा उघडून बसणं हेही टाळा.

कोलोसियमच्या भिंतीवर नाव कोरणं हा गंभीर गुन्हा आहे. हजारो युरो दंड आणि तुरुंगवासही होऊ शकतो. गडांच्या बुरुजांवर बदाम काढून हात साफ केलेल्या मंडळींना हे मुद्दाम सांगतो आहे.

बस किंवा मेट्रोची गरज पडेल का?

सकाळी जाताना आणि रात्री परतताना. साधं तिकीट १०० मिनिटं चालतं, त्यात मेट्रोची एकच फेरी धरतात. मेट्रोच्या फाटकावर थेट बँकेचं कार्ड टेकवूनही जाता येतं. कागदी तिकीट असेल तर बसमध्ये चढल्या चढल्या ते यंत्रात घालून शिक्का मारून घ्या. शिक्का नसलेलं तिकीट तपासनिसाच्या लेखी तिकीट नसल्यातच जमा. जुन्या गाभ्याच्या पोटात मेट्रो जवळपास नाहीच, तेव्हा मधे कुठे दमलात तर बस किंवा टॅक्सी.

वाटाड्या घ्यावा का?

फोरमसाठी घ्या, बाकी दिवसासाठी नको. फोरममध्ये माहिती नसेल तर तीन उभे खांब आणि बाराशे आडवे दगड यापलीकडे काही दिसत नाही. परवानाधारक वाटाड्याच घ्या. दारात घोटाळणाऱ्या, ‘रांग टाळून देतो’ म्हणणाऱ्यांकडून तिकीट घेऊ नका.

रोमला फक्त विमान बदलायचं आहे, मधे नऊ-दहा तास आहेत. बाहेर पडू का?

भारतीय पासपोर्टवर विमानतळाबाहेर पडायला शेंगेन व्हिसा लागतो. तो असेल तर अवश्य पडा. फ्युमिचिनो विमानतळावरून लिओनार्दो एक्सप्रेस कुठेही न थांबता ३२ मिनिटांत तेर्मिनीला पोचवते, तिकीट १४ युरो. तेर्मिनीहून मेट्रोच्या बी लाइननं दोन स्टेशनं गेलं की कोलोसियम. तिथून चालायला लागा: कोलोसियम बाहेरून, फोरी इंपेरियालीचा रस्ता, कांपिदोल्योचा कठडा, पॅन्थिऑन, ट्रेवी, आणि पायीच परत तेर्मिनी. न रेंगाळता साडेतीन तास, जेलातोसाठी थांबलात तर चार. पुढच्या विमानाच्या तीन तास आधी विमानतळावर पोचायचं गणित धरा. मोकळा वेळ आठ तासांपेक्षा कमी असेल तर बाहेर पडू नका, सगळं लक्ष घड्याळाकडेच राहतं.